पान्याचे दत्तकविधान

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल उतरविणारे, तोलणारे, बोली लावणारे आणि बोली फसली म्हणून दैवाला दोष देणारे असे नानाविध वर्ग पहाटेपासून नांदत असले, तरी भुसार विभागातील एखाद्या आडतीच्या गाळ्यात, पोत्यांच्या थप्पीआड, या सर्वांहून निराळ्या कोटीतला एक गृहस्थ हटकून बसलेला आढळतो, आणि त्याला सारे आदराने दिवाणजी म्हणतात. कीर्द-खतावण्या संगणकाच्या स्वाधीन झाल्या तेव्हा दिवाणजींची चौकस बुद्धी एकाएकी बेकार झाली. आणि बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात काही काळ निराश्रित हिंडून ती अखेर गंजलेल्या हत्यारांवर स्थिरावली.

त्यातही स्क्रूपाना म्हणजे त्यांचा प्राण. १८५२ च्या कायद्याचे बळ लाभलेल्या इनाम कमिशनाने वतनदारांच्या सनदा ज्या संशयाने न्याहाळल्या, त्याहून रतिभरही कमी नसलेल्या संशयाने दिवाणजी जखडलेला जबडा आणि रुतून बसलेला स्क्रू न्याहाळतात. पाना रात्रभर रॉकेलात बुडतो. मग नमुन्यादाखल आलेल्या चिंचेच्या कोळात त्याची रवानगी होते, कारण चिंचेतले आम्ल गंज सावकाश सोडविते आणि लोखंडावर कोरलेल्या अक्षरांना सहसा धक्का लावीत नाही. घाईने कानस चालविणारा मनुष्य त्यांच्या लेखी पेशवे दफ्तराला काडी लावणारा नराधम होय. (चिंचेचा हा नमुना कोणत्या खाती खर्ची पडतो, हे शेठजींनी अद्याप विचारलेले नाही.)

पाना कोळात असताना दिवाणजींची वाणी मोकळी होते. स्वीडनमधल्या योहान पेटर योहान्सन नामक कारागिराने १८९२ साली या जातीच्या पान्याचे पेटंट कसे घेतले, ‘बाहको’ या नावाने तो जगभर कसा गेला, अमेरिकेतील जेम्सटाउनच्या क्रेसेंट कंपनीने १९०७ नंतर आपले निराळे घराणे कसे उभे केले, हे सर्व ते अशा आत्मीयतेने सांगतात की, ऐकणाराला योहान्सन हा शनिवार पेठेत त्यांच्या शेजारी राहत असावा असे वाटू लागते.

अशाच एका व्याख्यानात एक हमाल हातगाडी घेऊन दारात उभा राहिला.

“दिवाणजी, चाकाचा नट ढिला झालाय. पाना द्या की जरा.”

“थांब रे, आधी याचा मुलूख ठरू दे. मानेचा कल पाहा, पंधरा अंश! हा क्रेसेंट नव्हे. हा अस्सल स्वीडिश.”

हमालाला स्वीडनपेक्षा गुळाच्या ढेपी जवळच्या होत्या. त्याने शेजारच्या टेम्पोवाल्याचा पाना मागून आणला, नट आवळला आणि तो चालता झाला. दिवाणजींनी मात्र कोळातून पाना काढला, तारेच्या ब्रशने हळुवार घासला, पुसून कोरडा केला, तेलाचा हात फिरविला आणि भिंग लावले. अक्षरे उमटली, ती ‘टपारिया’ अशी.

दुसरा कोणी असता तर खजील झाला असता; परंतु मुकदमा हरूनही निकालपत्र आपल्या बाजूने वाचण्याची कला दिवाणजींनी आयुष्यभर आडत्यांच्या सहवासात कमावलेली असल्यामुळे, त्यांनी चष्मा कपाळावर सरकविला आणि गंभीरपणे फर्मावले, “नाशिकच्या या कंपनीने १९६९ साली हत्यारे घडवायला आरंभ केला, तो एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्यानेच. तेव्हा वंश तोच, घर फक्त दत्तक. साताऱ्याचे दत्तक डलहौसीने १८४८ साली नामंजूर केले; मी तितका निष्ठुर नाही.”

त्यानंतर पाना जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून पेटीत गेला, आणि तेथे त्याच्यासारखेच अनेक कुलवंत, निरोगी, निरुद्योगी पाने पूर्वीपासून विसावलेले होते. कोणत्याही नटाशी त्यांचा संबंध येऊ न देण्याची दिवाणजींची दक्षता वाखाणण्याजोगी आहे. म्हणून, वाचकहो, आपल्यापैकी कोणाच्या गाडीचे चाक मार्केट यार्डात डगमगू लागले, तर दिवाणजींना नमस्कार अवश्य करावा. पाना मात्र टेम्पोवाल्याकडे मागावा.