रुतत नाहीत, बसतात

इंग्लंडच्या एसेक्स किनाऱ्यावर, ब्लॅकवॉटर खाडीच्या आसपास, हे गृहस्थ हमखास भेटतात. ओहोटी लागली की बाकीच्या शिडाच्या होड्या खोल पाण्याकडे पळतात. हे चहाचं आधण ठेवतात. होडी वेस्टर्ली सेंटॉर, २६ फुटी. १९६९पासून अशा दोन हजारांवर निघाल्या. पोटाखाली एकच खोल कील, म्हणजे तळातून खाली उतरणारं उभं पातं, नाही. दोन बगलांना दोन आखूड. त्यामुळे ३ फूट पाणी पुरतं, आणि तेही ओसरलं की होडी चिखलात पाय रोवून सरळ उभी. शेजारच्या खोल कीलवाल्याची तोवर आडवी झालेली असते. त्याच्या कपबशा घरंगळल्याचा आवाज आला, की यांच्या चेहऱ्यावर सत्यनारायण निर्विघ्न पार पडल्यासारखं समाधान पसरतं.

गुरू अर्थातच मॉरिस ग्रिफिथ्स. 'यॉटिंग मंथली'चं संपादन करता करता त्यांनी उथळ पाण्यातल्या होड्या आखल्या. १९३२ सालचं त्यांचं 'द मॅजिक ऑफ द स्वॉचवेज' गृहस्थांच्या उशाशी असतं.

वाऱ्यावर चढण्याचा, म्हणजे वारा येतो त्या दिशेला जाण्याचा, विषय मात्र काढू नये. आखूड कील पाणी घट्ट धरत नाही. होडी पुढे जाते तशी बाजूलाही सरकते. मग ठरवलेलं गाव राहतं वाऱ्याच्या अंगाला आणि हे पोहोचतात भलतीकडेच. 'इथला पब जास्त बरा,' म्हणत उतरतात. रात्री नांगरावर लाटा दोन कीलांच्या मधे शिरून तळाला थपडा देतात. पाहुणे टक्क जागे, हे घोरतात.

खरी कसोटी वाळूच्या दांड्यावर. खोल कीलवाला रुतला तर होडी कलंडवतो, कील तिरपी होऊन उचलली जाते, तो निसटतो. यांनी कलंडवली तर एका बाजूची कील आणखीच खाली जाते! हे गणित यांना पाठ आहे. म्हणूनच ते कधी रुतत नाहीत, 'बसतात'.

एकदा उधाणाच्या ऐन माथ्यावर असेच बसले. पुढे भांग, रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा बुटकी. होडी उचलण्याइतकं पाणी आता पंधरवड्याने. बायकोने अवाक्षर न काढता गमबूट चढवले आणि चिखल तुडवत बस गाठली. हे मागे राहिले. येणाऱ्याजाणाऱ्याने विचारलंच तर ब्रश उंचावून सांगत, 'तळ रंगवायचा होता, मुद्दाम आणून ठेवलीय.' रंगाचा डबा बायकोने तिसऱ्या दिवशी पाठवला.