दीड किलोचा तंबू

बीदरजवळच्या कमठाण्याच्या मुक्कामासाठी आमच्या मेहुण्यांनी टूथब्रशची दांडी करवतीने अर्धी कापली. आठ ग्रॅम वाचले म्हणाले. पोट मात्र अख्खंच सोबत येणार होतं. त्याचा हिशेब मी विचारला नाही.

तरी सामान निवडावं तर त्यांनीच. तंबू दीड किलोचा, दांड्या ॲल्युमिनियमच्या, आतून जाळी आणि वरून वेगळं कापड. एकेरी कापडाच्या तंबूत आपलाच श्वास छताला धरतो आणि पहाटे थेंब थेंब कपाळावर परत येतो. स्लीपिंग बॅग ते उणे पाचाची घेणार होते. बीदरला डिसेंबरातही पाणी गोठत नाही, हे पटवेपर्यंत दोनदा चहा झाला. गॅसचा डबा रेल्वेत चालत नाही, म्हणून शेगडी आपोआप गळाली.

याच मुलखात १६५७ साली औरंगजेब बीदरचा किल्ला घ्यायला आला होता. त्याच्या पणजोबांच्या, म्हणजे अकबराच्या एका मुक्कामाचं सामान हलवायला १०० हत्ती, ५०० उंट आणि ४०० गाडे लागत, अशी 'ऐन-ए-अकबरी'त नोंद आहे. तिथे दातवणाची लांबी कोणी मोजली नसावी.

कमठाण्यात आत्याने कडक भाकऱ्यांची चळत आणि शेंगाची चटणी बांधून दिली. पापडासारखी वाळलेली ही भाकरी कितीतरी दिवस टिकते, चूल मागत नाही, वजनाला नगण्य. मेहुण्यांनी आणलेली जेवणाची परदेशी पाकिटं उकळत्या पाण्यावाचून उघडायचीसुद्धा सोय नव्हती.

"माळावर खुंट्या जायच्या न्हाईत रे," आत्या म्हणाली. मेहुणे हसले. बीदरचं पठार जांभ्याचं. किल्ल्याचा खंदक याच दगडात कोरलाय. पहिली खुंटी वाकली, दुसरी उडाली, तिसरी सापडलीच नाही. मग वारा सुटला आणि दीड किलोचा तंबू मेहुण्यांना घेऊन निघाला. शेवटी चारी कोपऱ्यांत दगड ठेवले. प्रत्येक दगड तंबूच्या दुप्पट वजनाचा, आणि उरलेल्या जागेत आम्ही.

शेजारीच एक धनगर मेंढरं बसवून घोंगडीची खोळ करून बसला होता. घोंगडी तंबूपेक्षा जड असणार, पण तिला खुंटी लागत नव्हती. त्याने तंबूचं कापड दोन बोटांत धरून पाहिलं.

"केवढ्याला, साहेब?"

मेहुण्यांनी किंमत सांगितली. धनगराने आपल्या कळपाकडे पाहत बोटांवर हिशेब केला, आणि तंबूला धक्का लागू नये म्हणून दोन हात मागे सरकून बसला.