कसलं नॉर्मल?

‘काही नाही, नॉर्मल आहे,’ एवढं ऐकलं की आपण रिपोर्टची घडी घालतो आणि घरचा रस्ता धरतो. पण नॉर्मल कुठल्या अर्थानं? लॅटिनमध्ये ‘नॉर्मा’ म्हणजे सुताराचा गुण्या, म्हणून भूमितीत नॉर्मल म्हणजे लंब. रसायनशास्त्रात मिठाचं ‘नॉर्मल’ द्रावण करायला लिटरमागे सुमारे साडेअठ्ठावन्न ग्रॅम मीठ लागतं. पेशंटला चढवतात त्या ‘नॉर्मल सलाइन’मध्ये लिटरला फक्त ९ ग्रॅम. गल्लत झाली तर जिवावर बेतेल. प्रयोगशाळेतली आणि दवाखान्यातली माणसं हा शब्द जपून वापरतात.

आपण घरात तो जपत नाही. ‘निरोगी’ आणि ‘सगळ्यांचं असतंच’ हे दोन्ही अर्थ आपण एकाच शब्दात कोंबतो, आणि त्याची किंमत बायका मोजतात. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन डेसिलिटरला १२ ग्रॅमच्या खाली गेलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानं तो ॲनिमिया. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया ॲनिमिक निघाल्या. निम्म्याहून जास्त जणींचं रक्त कमी, म्हणून ते कमी असणंच नॉर्मल ठरलं! रिपोर्टवर ९.८ च्या शेजारी ठळक ‘एल’ छापलेला असतो, तरी आई म्हणते, सासू म्हणते, ‘आमचंही एवढंच असायचं.’ जिना चढताना धाप लागते, ओट्याशी उभं असताना डोळ्यांपुढे अंधारी येते, पाळीत अंगावरून जास्त जातं. सगळ्याला उत्तर एकच: बाईच्या जातीला चालायचंच.

का म्हणून चालायचं? लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. चहाबरोबर घेतल्या तर लोह अंगी नीट लागत नाही, लिंबूपाण्याबरोबर जास्त लागतं. इतकं साधंसुद्धा कितीजणींना कुणी सांगत नाही. आणि रक्त जातंय कुठे, हे न शोधता नुसत्या गोळ्या गिळून भागत नाही. नवऱ्याचं हिमोग्लोबिन ९.८ आलं असतं तर त्याच दिवशी घर डॉक्टरकडे धावलं असतं.

तेव्हा पुढच्या खेपेला कुणी ‘नॉर्मल आहे’ म्हणालं, तर आकडा विचारा. १२ च्या खाली असेल तर कारण कळल्याशिवाय डॉक्टरांसमोरून उठू नका.