अर्धं वाचलेलं, पूर्ण विकलेलं

जळकोटात माझं पुस्तकांचं दुकान आहे असं लातूरच्या पाहुण्याला सांगितलं, की तो आधी कौतुकानं मान हलवतो आणि मग आवाज खाली आणून विचारतो, "ते ठीक हाय ओ आप्पा, पण पोटापाण्याचं काय?"

पोटापाण्यासाठी त्याच दुकानात वह्या आहेत, रिफिली आहेत, ग्राफचे कागद, राख्या, पतंग, कालनिर्णय आणि पोलीस भरतीचे प्रश्नसंच आहेत. पुस्तकं डाव्या भिंतीच्या दोन मांडण्यांवर. तालुक्याच्या गावात पुस्तकांचं दुकान म्हणतात ते याला. लातूर जिल्हा १९८२ मध्ये झाला, जळकोट तालुका १९९९ मध्ये. तालुका झाला म्हणून तहसील आली, तहसीलीमागं अर्ज आले, अर्जांमागं झेरॉक्स आली. साहित्य मात्र त्याआधीपासूनच इथं होतं. झेरॉक्सच्या मशीनला जागा करून द्यायला ते डाव्या भिंतीला सरकलं, इतकंच.

धंद्याचं गणित सरळ आहे. पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तकं झेडपीच्या शाळेत फुकट मिळतात, त्यामुळं त्यांच्यावर आम्ही केव्हाच पाणी सोडलंय. वह्यांवर भिस्त होती. तर २०२३ साली पाठ्यपुस्तकातच वहीची कोरी पानं शिवून आली. लेखकांना कोऱ्या पानाची भीती वाटते असं म्हणतात. ती विक्रेत्यालाही वाटू शकते, हे तेव्हा कळलं. पुढं ती पानं बंद झाली, आणि कोरं पान नाही म्हणून कुणी पेढे वाटल्याची मराठी वाङ्मयाच्या इतिहासात नोंद करायची झाली, तर माझं नाव घालायला हरकत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. बातमी ऐकून मी मांडणीवरची धूळ झटकली, कादंबऱ्या पुढं मांडल्या आणि वाट बघत बसलो. नेमकी त्या दिवशी घटस्थापना होती. नवरात्रभर आरतीसंग्रह गेले.

तरीही लोकांचा एक समज कायम आहे, की पुस्तकवाला म्हणजे दिवसभर फुकटात वाचणारा सुखी माणूस. बाजाराला आलेला माणूस सावलीला उभा राहतो आणि म्हणतो, "तुमचं बरं हाय बघा. बसल्या जागी वाचलालाव." त्याचं अर्धं खरं आहे. मी वाचतो, पण अर्धंच.

या धंद्याचा एक नियम आहे आणि तो मला धंद्यात पडण्याआधी कुणी सांगितला नाही. चांगलं पुस्तक विक्रेत्याला पुरं वाचायला मिळत नाही, कारण ते मधेच विकलं जातं. वाईट पुस्तक त्याला पुरं वाचावं लागतं, कारण ते विकलंच जात नाही.

शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ मध्ये आली, तेव्हापासून ती खपतेच आहे. ऐपतीप्रमाणं मी एकेक प्रत मागवतो. दुपारी बाजारपेठ जरा पेंगते, तेव्हा उघडतो. कर्ण बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन बोलायला लागतो, आणि दारात कुणीतरी उभं राहतं, "मृत्युंजय हाय का ओ?" हातातलीच द्यावी लागते. खुणेचं बोट काढायचं, मुखपृष्ठावरून फडकं फिरवायचं आणि "कालच आलीय बघा" म्हणायचं. पुढची प्रत आली की पुन्हा पहिल्या पानापासून. माझ्या वाचनात कर्णाच्या रथाचं चाक अजून रुतलेलं नाही. गडी ठणठणीत आहे.

विश्वास पाटलांच्या 'पानिपत'चंही तसंच. इथून जवळ, उदगीरला, १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं आणि पुढच्याच जानेवारीत पानिपत घडलं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण पुस्तकात भाऊ यमुनेपर्यंत पोचले न पोचले तोच गिऱ्हाईक येतं. माझ्या हातून इतकी 'पानिपत' गेली, पण एकाही प्रतीत मराठे हरलेले नाहीत.

आता दुसरी बाजू. माझ्याकडं कुक्कुटपालनावरचं एक पुस्तक आहे. ते कोणत्या पार्सलातून आलं, बिल्टीवर कुणाचं नाव होतं, काही आठवत नाही. मागवलेलं नव्हतं आणि परत घ्यायला कुणी तयार नाही. मी घरंदाज माळकरी, अंड्याचा वास आला तरी रस्ता बदलणारा. पण ते पुस्तक मला तोंडपाठ आहे. मानमोडीची लस कधी टोचायची, पिल्लांच्या पेटीतला बल्ब किती उंचीवर टांगायचा, कोंबडी अंड्यावर का बसत नाही, सगळं सांगतो. हे पंचक्रोशीत पसरलं. आता घोणसी, वाढवण्याकडून माणसं येतात, काउंटरवर कोपर टेकून कोंबडीचं दुखणं सांगतात, उपाय ऐकतात आणि जातात. पुस्तक कुणी घेत नाही. कशाला घेतील? विकलं गेलं नाही म्हणून मी ते वाचलं, आणि मी ते इतकं वाचलं म्हणून आता ते विकलं जात नाही.

कवितासंग्रहांची गोष्ट आणखी नाजूक. आमच्या भागातले कवी संग्रह स्वखर्चानं छापतात आणि प्रती माझ्याकडं आणून ठेवतात. "विकल्या गेल्या तर पैसे द्या आप्पा, नाहीतर राहू द्या." बहुतेक राहूच देतो. एकदा असे एक कवी सहज चौकशीला आले. मी त्यांना त्यांची तिसरी कविता म्हणून दाखवली, मग सातवी, मग अर्पणपत्रिका. त्यांचे डोळे भरून आले. "एवढा पोचलो का ओ मी?" असं त्यांनी विचारलं. मी "पोचलात की" म्हणालो. संग्रह आल्या दिवसापासून मांडणीवरून हलला नव्हता, तेव्हा पोचायला दुसरीकडं कुठं जाणार होता?

चांगल्या पुस्तकांच्या शेवटाचा बंदोबस्त मी वेगळ्या रीतीनं केलाय. दुकानात 'उधारी बंद' अशी पाटी आहे, पण एक उधारी चालू ठेवलीय. माझं अर्धं वाचून झालेलं पुस्तक जो घेऊन जाईल, त्यानं वाचून झालं की येऊन शेवट सांगायचा. लोक हे कर्ज पैशांच्या उधारीपेक्षा इमानानं फेडतात, पण हप्ता ज्याच्या त्याच्या स्वभावानं येतो. निवृत्त गुर्जी शेवट सांगतात आणि लगोलग तात्पर्य सांगतात. भरतीची तयारी करणारी पोरं चार पर्याय देऊन मलाच उत्तर विचारतात. एक आशाताई आहेत, त्यांनी नेलेल्या कादंबरीचा शेवट इतका सुंदर सांगितला, की मी दुसरी प्रत मागवून शेवटची पानं आधी उघडली. तिथं भलतंच होतं. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, "लेखकानं त्या बाईला उगंच मारलंय. मी न्हाई मरू दिलं." तेव्हापासून दुःखी कादंबऱ्या मी त्यांनाच देतो.

'कोसला'चा अनुभव निराळा. भालचंद्र नेमाड्यांचं हे पुस्तक १९६३ चं, आणि पुढं २०१४ चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. ते घेऊन गेलेला प्रत्येकजण येऊन एकच सांगतो, "काय न्हाई आप्पा, पोरगं पुण्याला शिकायला गेलं आणि परत गावाकडं आलं." हे तर आमच्या गल्लीत घराआड घडलंय. फरक एवढाच, की आमच्या पोरांनी त्यावर काही लिहिलं नाही.

सगळ्यात वाईट अवस्था रहस्यकथेची. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. म्हणजे अर्धवट वाचणाऱ्या माणसापुढं हजारावर मोकाट खुनी सोडले. असंच एक पुस्तक खून झाल्यावर आणि तपास लागायच्या आत मुखेडकडचा एक माणूस घेऊन गेला. पुढं कितीतरी दिवसांनी तो मला एसटी स्टँडवर दिसला, बसमध्ये, खिडकीपाशी. गाडी हलायला लागली होती. मी धावत गेलो आणि ओरडलो, "ओ पाव्हणं! खून कुणी केला?"

सगळी एसटी गप्प झाली. कंडक्टरची तिकिटं फाडायची थांबली.

त्या भल्या माणसानं खिडकीतून मान बाहेर काढून सांगितलं, "मेव्हण्यानं! पैशापायी!" आणि गाडी निघून गेली. मागं हॉटेलात चहा घेत बसलेल्या हवालदारानं कपबशी खाली ठेवली. त्यांना मी पुस्तकाचं सांगितलं. त्यांनी पुस्तक दाखवा म्हटलं. पुस्तक मुखेडला. गावात माझी पुस्तकवाला म्हणून खरी ओळख त्या दिवशी झाली, कारण तो खून कागदावरचा आहे असं सांगायला बरीच माणसं ठाण्यापर्यंत माझ्याबरोबर चालत आली.

अर्धवट वाचनानं माणसाचं नुकसानच होतं असं मात्र नाही. लंडनमध्ये १८०५ साली जॉर्ज रीबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडं मायकेल फॅरेडे नावाचा चौदा वर्षांचा पोरगा उमेदवारीला लागला. काम बांधणीचं. बांधणीला आलेला ग्रंथ मालकाला परत जाईपर्यंत जेवढा वाचून होईल तेवढा त्याचा. असाच ब्रिटानिका विश्वकोशाचा एक खंड आला, त्यात विजेवरचा लेख होता. तो त्यानं वाचला आणि पुढं जगाला वीज निर्माण करायची वाट दाखवली. हे मी एका अर्धवट वाचलेल्या विज्ञानाच्या पुस्तकातून सांगतोय. ते फॅरेडेच्या लग्नाआधीच विकलं गेलं. रीबोसाहेबांकडं तो खंड आला, माझ्याकडं कोंबड्यांचं पुस्तक आलं. विक्रेत्याचं वाचन पार्सलाच्या नशिबावर असतं.

त्याच लंडनमध्ये लेखक जॉर्ज ऑर्वेल १९३४-३५ मध्ये जुन्या पुस्तकांच्या दुकानात कामाला होते. तिथं काम करता करता पुस्तकांवरचं प्रेमच आटलं, असं त्यांनी १९३६ मध्ये लिहून ठेवलं. माझं प्रेम आटलं नाही, याचं कारण त्यांच्याकडं मार्च महिना नव्हता. आमच्याकडं असतो. मार्चअखेर आली की वाचनालयांच्या अनुदानाचा हिशेब लागायचा असतो. एका वाचनालयाचे चिटणीस घाईघाईनं येतात आणि म्हणतात, "एवढ्या रकमेची पुस्तकं द्या."

"कोणती देऊ?"

"बेरीज बसेल ती."

मराठी समीक्षेत इतका निःपक्षपाती निकष दुसरा नाही. त्यात कथा बसते, कादंबरी बसते, कधी कधी गांडूळखतसुद्धा ललित होऊन बसतं. मी मनापासून निवडून देतो. माझी अर्धी राहिलेली सगळी पुस्तकं त्यात घालतो, म्हणजे पुढं वाचनालयात जाऊन उरलेली अर्धी वाचता येतात. एकदा गेलो, तर कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली चिटणीसांच्या खिशात, चिटणीस लग्नाला.

२०२२ च्या एप्रिलमध्ये पंचाण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उदगीरला भरलं. भारत सासणे अध्यक्ष. ऊन असं, की मांडवातल्या टाळ्याही घामेजलेल्या. मी सरळ ग्रंथप्रदर्शनात शिरलो आणि पुस्तकांऐवजी विकणारी माणसं बघत फिरलो. बरीच जणं खुर्चीत बसून वाचत होती. पुण्या-मुंबईची माणसं, यांना तरी पूर्ण वाचायला मिळत असेल, म्हणून एकाला विचारलं, "कसं हाय पुस्तक?" त्यानं पानावरून नजर न काढता सांगितलं, "काही खरं नाही. कुणी घेईना, म्हणून वाचतोय." मला गणगोत भेटल्यासारखं झालं. आम्ही मठ्ठा घेतला आणि एकमेकांना वाईट पुस्तकांचे शेवट सांगितले. चांगल्यांचे दोघांनाही ठाऊक नव्हते.

शेवटी बायको म्हणाली, "आओ, येकदा तरी कुठंतरी फिरायला नेताव का न्हाई?" मी तिला महाबळेश्वरजवळच्या भिलारला नेलं. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. घराघरांत कपाटं, बसा, वाचा, पैसे नाहीत. मी पहिलं विचारलं, "इथली पुस्तकं विकत न्हाईत ना?" नाही म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. 'मृत्युंजय' काढली, ओसरीवर बसलो. म्हटलं, आज कर्णाला मारल्याशिवाय उठायचं नाही.

कर्ण बोलला. कुंती बोलली. दुर्योधन बोलायला लागला आणि मी दाराकडं बघितलं. कुणी नव्हतं. दोन पानं वाचून पुन्हा बघितलं. कुणी येत नाही म्हटल्यावर वाचायची घाईच उरली नाही, आणि घाई गेल्याबरोबर डोळा लागला. जाग आली तेव्हा बायको शेजारी बसून तीच कादंबरी वाचत होती, माझ्या खुणेच्या बरंच पुढं. तिच्याकडून पुस्तक मागायची माझी हिंमत झाली नाही. मला वाचायला पुस्तक पुरत नाही, दारात त्याचं गिऱ्हाईकही लागतं, हे मला तिथं समजलं. दुसऱ्या कुणाला हवं असेपर्यंतच ते मला जिवापाड हवं असतं.

तेव्हा उदगीर-मुखेडच्या वाटेनं कधी आलात, तर जळकोटला दोन मिनिटं उतरा. काही विकत घेतलं नाही तरी चालेल. कोंबडीचं काही असेल तर तेही विचारा, फुकट सांगीन. मात्र तुम्ही पूर्ण वाचलेल्या एखाद्या चांगल्या पुस्तकाचा शेवट मला सांगून जा. आणि दुकानात त्या वेळी दुसरं गिऱ्हाईक असेल तर जरा बाजूला घेऊन सांगा, ती प्रत अजून विकायची असते.