घरच्या घरी भीम : पालकांसाठी मार्गदर्शिका

अर्जुन घडवून देणारे वर्ग हल्ली गल्लोगल्ली निघाले आहेत. एकाग्रता, ध्येय, पोपटाचा डोळा, सगळे तिथे हप्त्यांवर मिळते. (मुळात तो पोपट नव्हे. भास नावाचा पक्षी होता आणि तोही कारागिरांकडून करवून घेतलेला. पण जाहिरातीच्या फलकावर पोपट बरा दिसतो.) युधिष्ठिर घडवण्याकडे कुणाचाच कल नाही. राहिला भीम. तो कुणी मुद्दाम घडवत नाही, तो घरात आपोआप होतो आणि मग आईवडील घाबरून इकडेतिकडे विचारत सुटतात. अशा घरांसाठी ही मार्गदर्शिका आहे. आधार आदिपर्वाचा घेतला आहे, अभिप्राय आमचे आहेत.

साहित्य : एक मूल, एक नदी, पीठ-तांदूळ मोजमापाशिवाय आणि शंभर चुलत भाऊ. भाऊ कमी पडल्यास सोसायटीतली मुले चालतील.

बाळाची चाचणी पहिल्या काही दिवसांतच होऊन जाते. शतशृंग पर्वतावर वाघ दिसला म्हणून कुंती दचकून उठली. मांडीवर बाळ झोपले आहे हे त्या गडबडीत ती विसरली. बाळ खाली खडकावर पडले. खडकाचे तुकडे तुकडे झाले, बाळाला ओरखडाही नाही. पांडू बघतच राहिला. हा प्रयोग घरी करू नये. फरशी महाग असते आणि वाघही वेळेवर मिळत नाही. शिवाय ज्या दिवशी आपले बाळ जन्मले, त्याच दिवशी चुलत घरातही कुणी जन्मले असेल तर ते नीट लक्षात ठेवावे. भीम आणि दुर्योधन एकाच दिवशीचे. एका घराण्यात एका दिवशी दोन वाढदिवस आले की मोठे झाल्यावर केक कुणाचा मोठा हा प्रश्न कुरुक्षेत्रापर्यंत जातो.

आता सवंगडी. पळण्यात, नेम मारण्यात, माती उधळण्यात आणि जेवणात भीम एकटा शंभरांना भारी पडे. हे चार क्रीडाप्रकार व्यासांनी एकाच दमात सांगितले आहेत. जेवण हा खेळ आहे, हे मान्य करणारा दुसरा एवढा थोर ग्रंथ आमच्या पाहण्यात नाही. कौरव फळे काढायला झाडावर चढले की भीम खाली उभा राहून बुंध्याला लाथ घाली. फळे आणि भाऊ सोबतच खाली येत. पोहताना तो दहा जणांना दोन्ही हातांनी कवटाळून पाण्यात बसून राही आणि ते अर्धमेले झाले की सोडून देई. तक्रार घेऊन येणाऱ्या पालकांना काय उत्तर द्यायचे, याची सोय व्यासांनीच करून ठेवली आहे: हे सगळे बालिशपणाने चाले, मनात वैर नव्हते. 'पोरसवदा आहे हो, मनाने चांगला आहे' या वाक्याला इतका जुना आधार असल्याचे अनेक आयांना ठाऊक नसते. पाण्याखाली गेलेल्या दहा जणांचे मत मात्र ग्रंथात कुणी विचारलेले नाही, आणि पुढची सगळी कटकट तिथून सुरू होते.

तर आहार. हा या पद्धतीचा गाभा असल्याने सविस्तर सांगणे भाग आहे.

दुर्योधनाने गंगेकाठी प्रमाणकोटी नावाच्या जागी जलविहाराचा बेत आखला. तंबू ठोकले, आचारी बोलावले, पदार्थांची रेलचेल केली. कधी नव्हे ते त्याने भीमाला स्वतःच्या हाताने वाढले. अशा वेळी मुलाला सावध राहायला शिकवावे, असे कुठलाही मार्गदर्शक सांगेल. आम्ही सांगणार नाही, कारण भीमाच्या बाबतीत तो सल्ला वाया जातो. ताटात आले ते खायचे, एवढेच त्याला माहीत. ताटात विष होते. पोहून दमलेला भीम काठावर झोपला, दुर्योधनाने त्याला वेलींनी बांधले आणि गंगेत ढकलून दिले.

इथे ग्रंथाचे दोन पाठ्यक्रम होतात. आपण लहानपणापासून ऐकला तो मोठा पाठ्यक्रम असा: भीम बुडत बुडत नागलोकात पोचला, तिथे साप कडाडून चावले आणि त्या विषाने आधीचे विष उतरले. मग आर्यक नावाच्या नागाने त्याला ओळखले. तो कुंतीच्या माहेरकडचा, फार लांबचा नातेवाईक निघाला. आईच्या माहेरचे माणूस भेटले की पाहुणचार काय होतो, हे मराठी वाचकाला सांगायला नको. वासुकीच्या परवानगीने भीमापुढे रसाची कुंडे आली. एका कुंडात हजार हत्तींचे बळ. भीमाने एकेका घोटात एक अशी आठ कुंडे रिचवली आणि झोपला तो आठव्या दिवशी उठला. निघताना नागांनी त्याला सांगितले की तुझ्यात दहा हजार हत्तींचे बळ येईल. आठ कुंडांचे हिशेबाने आठ हजार होतात. उरलेले दोन हजार घरच्या जेवणाचे धरावेत.

दुसरा पाठ्यक्रम छोटा आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात शेकडो हस्तलिखिते ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्या मुख्य संहितेत नागलोकाची ही सफर नाही. तिथे भीम पाण्यात जागा होतो, वेली तोडतो आणि वर येतो. संपले. पंडितांचा आदर राखून सांगतो, पालकांनी मोठाच पाठ्यक्रम निवडावा. लहान मुलाला आठ कुंडे ऐकायची असतात, हस्तलिखितांची साक्ष नको असते. आणि खरे सांगायचे तर आम्हालाही.

भीम घरी आल्यावर काय झाले, हा भाग मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याने सगळी हकीगत भावांना सांगितली. युधिष्ठिर म्हणाला, गप्प राहा, हे कुठे बोलू नकोस. भीम बेपत्ता असताना कुंतीने विदुराला बोलावले होते, तर त्यानेही तिला हेच सांगितले होते: वाच्यता केलीस तर उरलेल्यांवरही बेतेल. सल्ला शहाणपणाचाच होता. पण ज्याला बुडवले त्यानेच तोंड मिटून दुसऱ्या दिवशी बुडवणाऱ्याच्या पंगतीला बसायचे, हा धडा भीमाने त्या वयात गिरवला. पुढे पुन्हा जेवणात विष आले. युयुत्सूने ते आधीच सांगितले. भीमाने ते खाऊन पचवले. द्रोणांनी असली विद्या कुणाला शिकवल्याचे दिसत नाही.

शाळेचे थोडक्यात आटोपतो, कारण शाळेनेही भीमाचे थोडक्यातच आटोपले. आधी कृपाचार्य होते, मग द्रोण आले. मुलांची विटी विहिरीत पडली होती आणि सगळे राजपुत्र काठावर तोंडे पाहत उभे होते. द्रोणांनी गवताच्या काडीत काडी अडकवून ती वर काढली. मोबदल्यात त्यांनी आधी काय मागितले होते? जेवण. या एका मागणीसाठी भीमाच्या मनात गुरूविषयी आदर उपजला असावा, असा आमचा तर्क आहे. पक्ष्याच्या परीक्षेत इतर सर्वांबरोबर भीमही नापास झाला. त्याला झाडावर काय दिसले ते ग्रंथात स्वतंत्रपणे नोंदलेले नाही. झाड फळांचे असेल तर आम्ही पैज लावायला तयार आहोत.

अर्जुनाची अंधारातल्या जेवणाची गोष्ट सगळे पालक मुलांना सांगतात. वाऱ्याने दिवा विझला, तरी हात बरोबर तोंडाकडे गेला, त्यावरून त्याला अंधारात बाण मारण्याचा सराव सुचला, द्रोण प्रसन्न झाले. आता वारा म्हणजे भीमाचे वडील. वडिलांनी दिवा विझवला, भाग्य उजळले धाकट्याचे! आणि भीम तर वर्षानुवर्षे रात्री-बेरात्री अंधारात जेवतच असणार. धाकट्याने केली ती साधना, मोठ्याने केली ती खादाडी. आपल्याही घरी निकालपत्रे अशीच लागतात.

गदेत मात्र त्याला तोड एकच, दुर्योधन. प्रात्यक्षिकाच्या दिवशी दोघे रंगमंडपात उतरले आणि प्रेक्षकांचे उभे दोन तट पडले. दंगल होईल म्हणून द्रोणांनी अश्वत्थाम्याला मध्ये घालून सामना थांबवला. मग अर्जुनाला बोलावले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याच मंडपात कर्ण आला आणि भीमाचे एक शिक्षण राहून गेल्याचे जगाला दिसले. कर्णाला तो म्हणाला, तू आपला चाबूक हातात घे, तुझ्या कुळाला तोच शोभतो. त्यावर शूरांचे आणि नद्यांचे मूळ शोधू नये असे बजावणारा निघाला दुर्योधन. दहा हजार हत्तींचे बळ जिभेवर उतरू देऊ नये, एवढे पालकांनी जरूर पाहावे. त्या दिवशी मंडपात शहाणे वाक्य चुकीच्या माणसाच्या तोंडी गेले.

पदवीदान नाही. अंतिम परीक्षा वारणावताच्या लाक्षागृहात झाली, तिथे परीक्षक कुणीच नव्हता. घराला आग भीमाने स्वतः लावली आणि भुयारातून सगळ्यांना बाहेर काढले. रात्रीच्या जागरणाने नि भीतीने बाकीच्यांचे पाय उचलेनात. त्याने आईला खांद्यावर घेतले, नकुल-सहदेवांना कडेवर, युधिष्ठिर आणि अर्जुनाला हातांनी धरले आणि झाडे मोडत रानातून चालू लागला. पक्ष्याचा डोळा पाहणारा त्या रात्री भावाच्या हाताला धरून चालत होता.

एवढे झाल्यावर त्याला घरातून काय मिळाले? पुढे एकचक्रा नगरीत भिक्षेचे दोन वाटे होत. अर्ध्यात आई आणि चौघे भाऊ, अर्धा एकट्या भीमाचा. कुंतीचा हा हिशेब आम्हाला सबंध महाभारतातला सर्वांत न्याय्य वाटतो. आपण मात्र जास्त खाणाऱ्या मुलाला बकासुर म्हणतो, हे चूक आहे. गाडाभर अन्न समोर ठेवून निवांत जेवत बसला तो भीम. बकासुर मागून पाठीत गुद्दे घालत होता आणि उपाशी मेला.

शेवटी एक सूचना. असा मुलगा घरात असेल तर त्याच्याकडून वर्षातल्या चोवीस एकादशा करवून घेण्याच्या भानगडीत पडू नका. खुद्द व्यासांनी भीमापुढे हात टेकले आणि ज्येष्ठ शुद्ध एकादशीचा एकच निर्जळी उपास सांगून चोवीसांचे पुण्य पदरात घातले. त्या दिवशी स्वयंपाकघराला कुलूप लावा आणि द्वादशीच्या पहाटे तांदूळ दुप्पट धुऊन ठेवा.