पेट्रोल आहे का?

सिरोंच्याच्या रस्त्यावर गाडी बंद पडली तर मदतीला कोण येणार, ही काळजी बाहेरच्यांनी करावी. आलापल्लीपर्यंतचा शंभरेक किलोमीटरचा रस्ता जंगलातून जातो, आणि वाटेत बामणी, जिमलगट्टा, रेपनपल्ली अशी मोजकीच नाव घेण्याजोगी गावं. पण गाडी बंद पडायचा अवकाश, सागाच्या झाडीतून कुणी ना कुणी उगवतोच. आणि उगवला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: पेट्रोल आहे का? मग तो माणूस तेलुगू बोलणारा असो, माडिया असो, नाहीतर गस्तीवरचा हिंदी जवान.

या प्रश्नाने माझं डोकं सणकायचं. गाडी सासऱ्यांच्या काळातली सीडी हंड्रेड असेल, पण पेट्रोल संपलं म्हणून रस्त्यात उभा राहणारा माणूस मी नव्हे. मी काही न बोलता टाकीचं झाकण उघडायचो, गाडी गदागदा हलवायचो आणि आतली खळखळ समोरच्याला ऐकवायचो. झाकण उघडताना बारीकसा ‘फुस्स’ आवाज यायचा. टाकी उन्हाने तापली असणार, एवढा खुलासा मला पुरेसा होता.

दुखणं असं होतं. निघताना गाडी गुणाची. काही अंतर गेलं की आवाज पातळ व्हायचा, मूठ पिळली तरी ओढ नाही, मग दोन-चार आचके आणि खेळ खलास. ठिणगीत दोष असला तर इंजिन कसलीही सूचना न देता पटकन जातं. हे तडफडून जायचं. चोक ओढला तर आणखी थोडं जगायचं. म्हणजे कार्ब्युरेटरला पेट्रोल पुरत नव्हतं. इथपर्यंतचं माझं निदान बिनचूक होतं आणि ते मी आजही कुणालाही ठणकावून सांगेन.

पुढचं सांगताना आवाज जरा खाली आणावा लागतो. पेट्रोल पुरत नाही म्हणजे वाटेत कुठेतरी अडतं, म्हणून मी टाकीपासून खाली उतरत गेलो. पेट्रोल कॉक बदलला. नळी बदलली. फिल्टर बदलला. कार्ब्युरेटर खोलून फ्लोट आणि नीडल नवी घातली. जेट म्हणजे पितळेचा इवलासा तुकडा, त्याचं भोक डोळ्यापाशी धरून आभाळ दिसतं का ते बघायचं असतं. मला आभाळ दिसलं, पण समाधान झालं नाही. म्हणून मी घरातली स्टोव्हची पिन आणली. पितळेच्या जेटमध्ये पिन घालायची नसते, भोक मोठं होतं, हवा मारून साफ करायचं असतं, हे मला नंतर कळलं. तोवर गाडीचं ॲव्हरेज घसरलं होतं आणि स्टोव्हची पिनही बायकोला सापडत नव्हती.

दरम्यान रस्त्यावरच्या वैद्यांची औषधं लागू पडत होती, आणि माझा गोंधळ वाढायला कारण तेच. बामणीच्या अलीकडे एक वनरक्षक भेटला. पेट्रोल आहे का, विचारलं. मी झाकण उघडून खळखळ ऐकवली. तो म्हणाला, ‘सर, हँडल डावीकडे लॉक करा, चावी काढा, थोडं थांबा, मग उघडा.’ केलं. एका किकमध्ये सुरू! पुढे जिमलगट्ट्याजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेतले एक गुरुजी थांबले. त्यांनाही खळखळ ऐकवली. त्यांनी गाडी डाव्या अंगावर आडवी करून तीन हिसके द्यायला लावले. सुरू! एका ट्रकवाल्याने प्लग काढून शर्टाला पुसून दिला. सुरू! एका जवानाने तर फक्त ‘स्टँड पे लगाओ, ठंडा होने दो’ म्हटलं, तरी सुरू! प्रत्येकाचा उपाय वेगळा आणि प्रत्येकाला शंभर टक्के गुण. नव्या सुट्या भागांवर पैसे ओतलेल्या माझ्या वाट्याला मात्र शून्य. मी मनातल्या मनात या सगळ्या उपायांना जोडणारा शास्त्रीय धागा शोधत होतो. हँडल लॉक केल्याने वायरिंग सैल होत असेल, आडवी केल्याने फ्लोट मोकळा होत असेल, असं बरंच काही.

त्यात आणखी एक कोडं होतं. टाकी काठोकाठ भरली की गाडी बामणीही गाठायची नाही. तेच पेट्रोल तळाशी आलं की पंधरा-वीस किलोमीटर विनातक्रार पळायची. उपाशीपोटी पळते आणि भरल्यापोटी झोपते असं हे यंत्र! मी निष्कर्ष काढला की ताज्या पेट्रोलमध्येच खोट आहे. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं, हे मी वाचलेलं होतं. पाणी जास्त झालं तर ते इथेनॉलसकट वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. हे सगळं खरं आहे. आणि मी गाफील नव्हतो. पावसाळ्याच्या तोंडालाच, झाकणाच्या चावीच्या भोकातून थेंबही आत जाऊ नये म्हणून, झाकणावर दुधाची पिशवी घालून तिला दोन रबरबँड आवळले होते आणि वरून रेक्झिनच्या टाकी कव्हरची जाड फडकी दाबून बसवली होती. पेट्रोल भरलं की पिशवी पुन्हा जागच्या जागी. गाडी हलवून खळखळ ऐकवून झाली की पुन्हा जागच्या जागी. या बाबतीत माझी शिस्त वाखाणण्याजोगी होती.

एकदा भर दुपारी उभा असताना ताडी उतरवणारा एक म्हातारा जवळ आला. त्याने पेट्रोलचं विचारलंच नाही. टाकीवर टकटक करून, कव्हर चाचपून म्हणाला, ‘गालि लेदु.’ हवा नाही. इतकी वर्षं सिरोंच्यात काढल्यावर एवढं तेलुगू मला येतं. मी दोन्ही टायर दाबून पाहिले. दगडासारखे होते. मी त्याला तसं दाखवलं. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली आणि तो निघून गेला. त्या दिवशी झाकण उघडायला लावणारा कुणी भेटला नाही, त्यामुळे गाडी बराच वेळ उभीच राहिली. अशा वेळी डोक्यात काय काय येतं. याच तालुक्यात पोचमपल्लीजवळ १९६० च्या सुमारास बारापासॉरस या अगडबंब डायनासोरची हाडं निघाली. त्याचा सांगाडा आता कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. म्हणजे सिरोंच्यात अडकलेल्यालाही कुणीतरी बाहेर काढतं, वेळ तेवढा लागतो.

शेवटी गाडी सिरोंच्याच्या मेस्त्रीकडे नेली. मुद्दाम टाकी काठोकाठ भरून नेली, रोगी ऐन रोगात दाखवावा म्हणून. कॉकपासून नीडलपर्यंतचा इतिहास मी तपशिलात सांगितला. त्याने तो पान चघळत ऐकला आणि कार्ब्युरेटरची नळी उपसून एका कापलेल्या बाटलीत सोडली. धार जाड होती. बघता बघता ती दोऱ्याएवढी झाली, मग थेंब, मग तेही बंद. ‘बघा, नवा कॉकसुद्धा चोक!’ मी म्हणालो. त्याने काही न बोलता रेक्झिनची फडकी उचलली. दुधाची पिशवी बघितली. मला बघितलं. रबरबँड काढून झाकण उघडलं. फुस्स! आणि बाटलीत पुन्हा जाड धार.

‘तेलाच्या डब्याला दोन भोकं का पाडतात, सार?’

या गाडीला पेट्रोलचा पंप नसतो. पेट्रोल आपल्या वजनाने खाली येतं, आणि ते जेवढं खाली जाईल तेवढी हवा वरून आत यावी लागते. त्यासाठी झाकणातच एक बारीक वाट ठेवलेली असते. ती बुजली की टाकीत निर्वात तयार होतो आणि पेट्रोल वरच अडकून बसतं. काठोकाठ टाकीत वर हवा नावालाच, म्हणून निर्वात लवकर. अर्ध्यामुर्ध्या टाकीत हवा भरपूर, म्हणून गाडी लांबवर जायची. आणि गुरुजी, ट्रकवाला, जवान यांच्या उपायांना जोडणारा धागा म्हणजे त्यांचा पहिला प्रश्न. त्यांना उत्तर द्यायला मी झाकण उघडायचो तिथेच इलाज होऊन जायचा. बाकीचे हिसके नुसते हिसके. मी मेस्त्रीला इथेनॉल आणि पाण्याचं शास्त्र समजावून बघितलं. तो ‘हो हो’ म्हणाला. पाऊस भुरभुरायला लागला होता. त्याने पिशवी पुसली, स्वतःचा मोबाइल तिच्यात घातला आणि खिशात ठेवला. मजुरी घेतली नाही. घेतली असती तर मला बरं वाटलं असतं.

पुढे वनरक्षक बाजारात भेटला. त्याचा गैरसमज दूर करणं मला कर्तव्य वाटलं. निर्वात, झाकण, पिशवी, सगळं रीतसर सांगितलं. त्याने मन लावून ऐकलं.

‘ते ठीक आहे सर. पण हँडल लॉक केल्यावर गाडी सुरू झाली होती ना?’

‘झाली होती.’

‘मग? साडूची स्प्लेंडर पण तशीच सुरू करून दिली परवा. आता शेजाऱ्याचा ट्रॅक्टर अडलाय, त्याच्यावर करायचं म्हणतो.’

‘ट्रॅक्टरला हँडल लॉक नसतं,’ मी म्हणालो.

‘तेवढं तुम्ही बघा ना सर,’ तो म्हणाला. ‘तुमचा अभ्यास आहे.’