आकडा द्या म्हटलं की

सी शिकवणाऱ्या माणसाचे मनुष्यजातीबद्दल फारसे गैरसमज उरत नाहीत. ‘कृपया एक संख्या द्या’ असं सांगितल्यावर लोक काय काय देतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

आमच्या लॅबमधला नेहमीचा प्रोग्राम अगदी साधा आहे. कमांड लाइनवर एक संख्या घ्या आणि तिचा पाढा छापा. पाढ्याला दोन-तीन ओळी पुरतात. पोरं त्या लिहितात, संख्या एटूआयच्या हवाली करतात आणि चहाला जातात. मग प्रॅक्टिकलच्या दिवशी बाहेरचे परीक्षक येतात. ते काहीच देत नाहीत, नुसतं एंटर दाबतात. सेगमेंटेशन फॉल्ट! ‘पण सर, आर्गसी एक होता!’ होता ना. तो एक म्हणजे प्रोग्रामचं स्वतःचंच नाव. पुढची जागा नल, आणि एटूआयने त्यातच उडी घेतली.

एटूआय हा मुळात भिडस्त गृहस्थ. नाही म्हणणं त्याच्या रक्तात नाही. ‘१२आंबे’ दिलं तर १२ ठेवून घेतो, आंब्यांबद्दल चकार शब्द काढत नाही. नुसते ‘आंबे’ दिले तर शून्य म्हणतो. खरोखरचं शून्य दिलं तरीही शून्यच. म्हणजे समोरच्याने शून्य दिलं की आंबे, हे देवालाही कळू नये. प्रोग्राम आपला शून्याचा पाढा इमानेइतबारे छापून मोकळा. तीन अब्ज दिले तर ३२ बिटांच्या इंटमध्ये ते मावत नाहीत. तिथली कमाल २१४७४८३६४७. अशा वेळी काय व्हावं, हे सीच्या मानकाने ठरवलेलंच नाही. आमच्या लिनक्सवर उणे १२९४९६७२९६ चा पाढा येतो. तोही न अडखळता.

(अर्थात हे सगळं इंग्रजी अंकांत टाइप केलं तर. देवनागरी अंक यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी ३ बाइट खातो आणि एटूआय त्याला आंब्यांच्याच रांगेत बसवतो. या लेखातला एकही आकडा त्याला वाचता येणार नाही.)

यावर उपाय आहे, १९८९ च्या मानकापासून आहे, आणि त्याचं नाव स्ट्रटूएल. हे फंक्शन सगळं सांगतं, पण विचारलं तरच. आधी एर्नो आपण शून्य करायचा, कारण काम नीट झालं तरी ते तो पुसत नाही. मग परत आलेला पॉइंटर बघायचा. तो सुरुवातीलाच असेल तर अंक सापडलाच नाही. मध्येच थांबला असेल तर पुढे आंबे आहेत. एर्नोत ईरेंज आलं तर संख्या लाँगमध्येही बसली नाही. शेवटी इंटची आणि आपली स्वतःची मर्यादा. पाया मात्र १० च द्या. सोयीचा म्हणून ० दिलात, तर सुरुवातीचं शून्य बघून ते फंक्शन अष्टमानात शिरतं. पुण्याचा एसटीडी कोड ०२० दिला तर त्याचे १६ होतात. गोव्याचा ०८३२ दिला तर शून्यावरच गाडी थांबते, कारण अष्टमानात ८ हा अंकच नाही.

काही हुशार पोरं उणे संख्या नको म्हणून स्ट्रटूयूएल लावतात. त्याला उणे एक द्या. ६४ बिटांच्या लिनक्सवर ते निर्विकारपणे १८४४६७४४०७३७०९५५१६१५ परत करतं, आणि चूक झाल्याचं अवाक्षर काढत नाही. इतक्या मोठ्या संख्येचा पाढा आमच्या वर्गात कुणी पाठ केलेला नाही.

ओपनबीएसडीवाल्यांनी २००४ साली वैतागून स्ट्रटूनम आणलं: किमान सांगा, कमाल सांगा, बाकी मी बघतो. शहाणं काम. पण मानक सीमध्ये ते नाही, तेव्हा पाढ्याच्या दोन ओळींभोवती दहा-बारा ओळींचा पहारा आपला आपणच बसवायचा. पोरं कुरकुरतात, पण माझ्या मते प्रोग्राम म्हणजे तो पहाराच. पाढा काय, चौथीतली मुलंही म्हणतात.

तेव्हा परीक्षार्थींनो, चूक सापडली की संदेश एसटीडीएररवर छापा आणि बाहेर पडताना शून्य परत करू नका. आणि तोंडी परीक्षेत ‘एटूआय का वापरलं?’ असं विचारलं तर ‘पुस्तकात होतं’ म्हणू नका. ते पुस्तकात आहे हे आम्हालाही माहीत आहे. त्या उत्तराला गुण नाहीत.